गाण्याखाली लिहिलेलं

मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवला तरी वच्छलाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिनं तो उचलून गालाला लावला, मग कानामागच्या हाडाला. शेवटी नवऱ्याच्या, परसरामच्या हातात परत दिला.

"थरथरते," ती म्हणाली. "पण गाणं नाही येत."

आपला आवाज किती मोठा निघतो हे आता तिला कळत नसे. शेजारची बाई दारातून डोकावून गेली.

गाणं जुन्या हिंदी सिनेमातलं, क्लबमधलं. आधी एकटं ट्रम्पेट, मग ड्रमवर सरसर फिरणारे तारांचे ब्रश, मग खोडकर आवाजाची गायिका. माहेरी, आंबागडला, विड्या वळता वळता वच्छलानं ते रेडिओवर ऐकलं होतं. लग्न होऊन भंडाऱ्याला आल्यावरही भात शिजेपर्यंत ती ट्रम्पेटचे सूर तोंडानं काढत उभी राहायची.

गेल्या वर्षी तिला टीबी झाला, साध्या गोळ्यांना न जुमानणारा. रोज एक सुई, सहा महिने. "या सुईनं कान जाऊ शकतात," डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. खोकल्यामुळे वच्छलाला बोलता येत नव्हतं. तिनं परसरामकडे पाहिलं.

"जीव वाचवा साहेब," परसराम म्हणाला. "कानाचं पाहू मंग."

जीव वाचला. पाचव्या महिन्यात कान गेले. नागपूरला नेऊन यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून नुसती खरखर यायची. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मोबाईल परत घेताना परसरामचं बोट घसरलं आणि गाण्याखाली लोकांनी लिहिलेल्या कमेंट वर आल्या. शेकडो होत्या. त्यातली एक त्यानं वहीत मराठीतून उतरवली आणि वच्छलासमोर धरली. लखनौच्या कुणीतरी लिहिलं होतं, 'हे ट्रम्पेट सुरू झालं की माझे वडील दाढी करता करता थांबायचे. अर्ध्या गालाला फेस तसाच.'

वच्छला हसली. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

मग ते रोजचंच झालं. परसराम एसटीत कंडक्टर होता. ड्युटी संपवून घरी आला की हातपाय धुऊन वही घेऊन बसायचा. कोलकात्याच्या एका बाईला ते ब्रश म्हणजे कुणी सकाळी अंगण झाडतंय असं वाटायचं. एक म्हातारा लिहीत होता, 'शेवटच्या कडव्याआधी ती श्वास घेते, तेवढ्यासाठी मी गाणं लावतो.' कुणी नुसतं 'बकवास' लिहिलं होतं. परसरामनं तेही उतरवलं, आणि वच्छलानं त्या माणसाला गल्लीभर ऐकू जातील अशा शिव्या घातल्या. एकदा तर गायिका कुठे हसते यावरून तिनं एकाची चूक काढली.

"पहिल्या नाही, दुसऱ्या कडव्यात हसते ते. याले काय समजते!"

त्या दिवशी परसरामला वाटलं, चला, आपण कानाचंही पाहिलं. एक वही भरली. त्यानं दुसरी आणली.

धान कापणीच्या दिवसांत एका संध्याकाळी त्याला फार सुंदर कमेंट सापडली. चांगली पानभर होती. तो घाईघाईनं उतरवत असताना वच्छलानं वहीवर हात ठेवला.

"राहू द्या. गाणं मले पाठ हाये. डोक्यात सारं वाजते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोकायनं लिहिलेलं नाही लागत त्याले."

परसरामनं तिच्या बोटांखालून वही ओढून लिहिलं, 'मग इतके दिवस काहून वाचत होती?'

"तुमी एवढ्या हौसेनं लिहून राहिले होते."

ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग इतकं हळू बोलली, की त्याला पुढे वाकावं लागलं.

"गाणं राहिलं, पण तुमचा आवाज चालला गेला माह्या डोक्यातून. उन्हाळ्यापर्यंत येत होता. आता आठवतो म्हनलं तरी नाही येत."

परसरामनं तिला हाक मारली. आधी साधी, मग जोरात, मग अजून जोरात. वच्छला त्याचे ओठ पाहत होती. तिनं नुसती मान हलवली.

मग पेन उचलून तिनं त्याच्या हातात दिला.

"तुमच्या गाडीत रोज एवढे लोकं बसते," ती म्हणाली. "तुमचा आवाज कसा हाये, कोणाले तरी पुसा नं. अन् मले लिहून द्या."