पोराबाळांची जागा

“सेवा करायला आलेत म्हणे! सेवेला मोजायची टेप कशाला लागते गो?” हिराबाई बायजाच्या कानाशी पुटपुटली.

बायजाचे हात थांबले नाहीत. बोंबलाच्या जबड्यात बोंबलाचा जबडा अडकवायचा, जोडी बांबूच्या वलांडीवर वाळत टाकायची, पुढची घ्यायची. डोळे मात्र टेपवर. नरपडच्या किनाऱ्यावर जो मोजायला येतो तो काहीतरी न्यायलाच येतो, असं तिचं पक्कं मत होतं.

कॉलेजची दोघं होती, रुपल आणि हार्दिक. गावात राबल्याशिवाय आता त्यांना पदवीचे मार्क मिळत नव्हते. सकाळी रुपलने मदत म्हणून बोंबील जोडी न लावता सुटेच टाकले. वारा आला तसे सगळे वाळूत. कावळ्यांची तेवढी समाजसेवा झाली.

“जागेवर डोळा असलेल्या रिसॉर्टवाल्याने पाठवलंय ह्यांना,” पलीकडे बोंबील लावणारी संगिता म्हणाली. “आधी गोड पोरं येतात, मागनं साहेब.”

बायजा उठली. ओल्या हातानेच तिने टेपचं टोक धरलं. “गुंडाळ ही. ही जागा आमच्या पोराबाळांची आहे. इंचभर मिळायची नाही.”

बाकीच्या बाया तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

रुपल घाबरली. “मावशी, जागा नकोय आम्हाला. बांबू सारखे कुजतात म्हणालात ना, म्हणून पाइपांच्या पक्क्या वलांड्या बांधायच्यात. सामान कॉलेजचं, मेहनत आमची.”

संगिताने ओशाळून पदर तोंडाला लावला. बायजाने तरी टोक सोडलं नाही. फुकट कोण काय देतं?

“आणि बदल्यात?”

“काही नाही. पुढे दुरुस्ती करायला कोणीतरी आत्ताच शिकून घ्यायला हवं. तुमच्या मुलांपैकी कोणाला बोलावता?”

हिराबाईला एकदम टोपलीतलं काम आठवलं. संगिता साडीवरची वाळू झटकायला लागली, नसलेलीसुद्धा. बायजाचा प्रितम वापीला कंपनीत होता. लहानपणी तो इकडे धावत आला की ती लांबूनच ओरडायची, वास लागेल, घरी जा, अभ्यासाला बस. सगळ्याच ओरडायच्या.

“मावशी? कोणाला?”

टोक सुटलं. टेप सर्रकन रुपलच्या मुठीत गेली.

“कोणालाच नाही, पोरी,” बायजा म्हणाली. “आमच्यामागे इथे कोणी येणार नाही. आम्हीच त्यांना येऊ दिलं नाही.”