साच्याची रेघ

शालन ओतारीने मोबाईलवरचा फोटो मोठा केला. ‘अस्सल शिवराई, साडेतीनशे वर्षं जुनी.’ नाण्याच्या कडेला साच्याच्या जोडाची रेघ उठून दिसत होती. जाहिरातीखाली तिने लिहिलं, “हे ओतलेलं आहे. खरी शिवराई ठोकून पाडायचे.”

“बाई, तुमचा इतिहासाचा अभ्यास किती?” विक्रेत्याने सगळ्यांदेखत विचारलं.

शालनने फळीवरून आपला साचा काढला. नाण्यावर ‘श्री’शेजारी जिथे फुगवटा होता, तिथेच साच्याचा टवका उडालेला. त्याचा फोटो टाकून तिने लिहिलं, “अभ्यास नाही हो. हे नाणं मीच ओतलंय, गेल्या वर्षी, शाळेच्या प्रदर्शनासाठी.”

लगेच त्याचा खासगी मेसेज आला. “ताई, तेवढं काढून टाका. पाचशे नाण्यांची ऑर्डर देतो.”

शालनने छिन्नी घेतली, साच्यात उलट्या अक्षरांत ‘नक्कल’ कोरलं आणि त्याचाही फोटो पाठवला. “द्या ऑर्डर. साचा तयार आहे.”