बोलायचं न्हाय

उन्नतीने नारळावर हात ठेवला तेव्हा वळ गावच्या देवळात पंचांसकट सगळं गाव जमलं होतं.

"गावदेवीसमोर सांग," लडकू म्हणाला. "अनंताच्या पोराशी तू बोलतेस का न्हाय?"

अनंताचं घर तीन वर्षांपासून वाळीत होतं. उन्नतीच्या बापाच्या, केसरीनाथच्या, गोडाऊनकडे ट्रक वळायला त्याने आपल्या शेतातून वाट दिली नव्हती, एवढाच त्याचा गुन्हा. कायद्याच्या धाकाने 'वाळीत' हा शब्द मात्र कोणी तोंडातून काढत नसे. 'त्यांच्याशी बोलायचं न्हाय,' एवढंच म्हणायचं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही. जे घर बोलेल त्याच्याशीही गावाने बोलायचं नाही, हा नियम केसरीनाथनेच केलेला. अनंताची आई वारली तेव्हा त्याने खांदा द्यायलाही कोणाला जाऊ दिलं नव्हतं.

आणि नेमकी त्याचीच उन्नती हवाई दलात गेली, अनंताचा धनेशही गेला, आणि दोघांची नेमणूक एकाच तळावर झाली. मालवाहू विमानं आणि उडत्या विमानांना हवेतच इंधन देणारी विमानं, या दोन्हींवरची माणसं तिथे तयार करतात. लडकूचं केसरीनाथशी जुनं वाकडं. त्याला एवढं निमित्त पुरे होतं. पुढच्या आठवड्यात केसरीनाथच्या मुलाची, भाविकची, हळद होती. आज उन्नतीची जीभ अडखळली असती तर त्या मांडवात कुत्रंही फिरकलं नसतं.

"एक शब्द बोलले न्हाय," उन्नती म्हणाली. "देवीची शपथ."

लडकू हसला. एका तळावर राहायचं, एकत्र काम शिकायचं आणि बोलायचं नाही, हे कोणाला पटवतेस, असं त्याने विचारलं.

तिने सगळ्यांना कळेल असं सांगितलं. धनेश इंधनाच्या विमानात असतो, ती मागून येणाऱ्या मालवाहू विमानात. तो नळी सोडतो, तिचं विमान ती जोडून घेतं. शत्रूने ऐकू नये म्हणून सरावात रेडिओ बंद ठेवतात आणि दिव्यांवर काम चालतं. लाल लागला की लांब राहायचं, पिवळा लागला की जवळ यायचं, हिरवा लागला की इंधन सुरू. जमिनीवरही तिने तोंड उघडलं नव्हतं. जेवायला समोरासमोर बसून साधं मीठ मागितलं नव्हतं. तिथल्या साहेबांना आधी वाटलं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. मग म्हणाले, यांच्यासारखी जोडी दुसरी नाही.

पंचांनी माना डोलावल्या. केसरीनाथची छाती फुगली.

"ऐकलंस, लडकू? आभाळात पण माझ्या पोरीनं गावाचं ऐकलं."

तेवढ्यावर थांबता तर तो केसरीनाथ कसला. अनंताच्या सात पिढ्या त्याने देवीसमोर उद्धरल्या. उन्नती खाली बघत ऐकत होती. बापाची तिला लहानपणापासून भीती वाटायची. आज पहिल्यांदा लाज वाटली.

"त्या म्हातारीचं मढं उचलायला माणूस मिळाला न्हाय," केसरीनाथ म्हणाला. "धनेशचं पण तसंच होऊ दे."

उन्नतीने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते रागाचं होतं.

लडकूने शेवटचा खडा टाकून पाहिला. बोलणं नसेल, पण त्या घराशी दुसरा काही संबंध तर नाही ना, असं त्याने विचारलं.

"बोलणंच न्हाय तर नातं कुठून येणार?" केसरीनाथ खेकसला. "सांग त्याला, पोरी."

उन्नतीने नारळावरचा हात काढला.

"मंगलाष्टकं भटजी म्हणतो, बाबा," ती म्हणाली. "नवरा-नवरीला कुठं बोलावं लागतं?"