बाजूला ठेवलेला चहा

रुग्णालयाच्या कचेरीत सुगोंदोसाहेबांनी पुढे केलेला चहा तपासनीस रत्रीने बाजूला ठेवला; गुरुवारचा ऐच्छिक रोजा होता. रुग्णांची माहिती विकल्याचं खोटं कबुलीपत्र तिच्या भावाच्या नावाने इथल्याच कॉम्प्युटरवर लिहून साहेबांनी त्याला तुरुंगात धाडलं होतं. त्यांच्या मुलखात आडनाव लावायची रीत नसल्याने नातं त्यांना ठाऊक नव्हतं. छाप्यात घेतलेली त्या कॉम्प्युटरच्या मेमरीची प्रत तिने आपल्या तपासणी-यंत्राला वाचायला दिली होती; त्यावर मात्र पत्राच्या जागी कोरंच पान येत होतं. “तुमचं यंत्रही मला निर्दोष म्हणतंय, बाई,” साहेब हसले. “त्याला तुमच्या कॉम्प्युटरची सिस्टीम ओळखता येत नाही,” ती हळूच म्हणाली. “कुणी नवी घातली?” “मीच, मार्चची आवृत्ती. इथं दुसऱ्या कुणाला जमतं?” मेमरीत काय कुठे असतं ते सांगणारा त्या मार्चच्या आवृत्तीचा नकाशा तिने यंत्राला दिला. पत्र उमटलं, शेवटी भावाचं नाव, त्याआधी लिहून खोडलेली दुसरी दोन नावं. “तू कोण?” साहेबांनी विचारलं. “उरलेल्या नावाची बहीण.” सूर्यास्ताची अजान होताच तिने त्यांच्याच चहाने रोजा सोडला.