जंगलखात्याचा बंगला

“लॉज नको. जंगलखात्याचा बंगला मिळतोय, तोच घेऊ,” प्रतापराव म्हणाले, आणि चारुलतेच्या हातातला भाताचा घास कुमूच्या ओठांपाशी थांबला.

लॉज म्हणजे बडवाहकडचा ठाकूर उदयसिंहांचा शिकारबंगला. जहागीर गेली तशी ठाकुरांनी तो पाहुण्यांसाठी उघडला होता. हाताशी खानसामा, जेवायला लांबलचक टेबल, फिरायला जीप, संध्याकाळी व्हरांड्यात ग्रामोफोन. दिवाळीच्या सुटीत कचेरीतली चार कुटुंबं तिकडेच निघाली होती. हेडक्लार्क बाबूराव तर घरी येऊन आपल्या इंदुरी थाटात सांगून गेले होते, भिया, चूल नाही, भांडी नाही, वहिनींना चार दिवस आराम, और क्या चाहिए. जंगलखात्याचा बंगला चोरलच्या पुढे, आडरानात. तिथं एका वेळी एकच कुटुंब. शिधा आपला, रांधणंही आपलं. चौकीदार लाकूड आणि पाणी देणार, बस्स.

“लॉजवर जेवणाची घंटा होते,” प्रतापराव म्हणाले. “कुमूला तासभर लागतो. आपलं आपण करून खाऊ. कुणाची घाई नाही.”

चारुलतेनं थांबलेला घास कुमूला भरवला. कुमू पाच वर्षांची झाली होती. मान धरत नव्हती, बोलत नव्हती. घास तोंडात ठेवला की हनुवटीखाली अंगठा धरायचा, गळ्यावरून हलकेच बोट फिरवायचं, तेव्हा तो खाली उतरे. यात चारुलतेचा अख्खा दिवस जाई आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तिचं दुखणं वेगळं होतं. चार कुटुंबं एका टेबलाशी बसणार, त्यांच्या मुलांच्या रांगेत आपली लेक नको, म्हणून ही घंटेची सबब. तिनं तसं धरूनच टाकलं.

पहिल्यांदा थोडंच होतं हे. जुन्या इंदुरात चुलतदिराचं लग्न होतं, तेव्हा कुमूला शेजारच्या जनाबाईंपाशी ठेवलं. दमेल ती, असं प्रतापरावच म्हणाले होते. मोठ्या साहेबांकडे चहा होता, तेव्हाही तेच. फोटो काढायला गेले त्या दिवशी कुमू झोपलेली होती, आणि तिला उठवावं असं त्यांना वाटलं नाही. अशा गोष्टी चारुलतेनं एकेक करून मनात जपून ठेवल्या होत्या. भांडून काय होणार होतं? बापालाच जी लेक कुणाला दाखवावीशी वाटत नाही, तिचं या जगात पुढं कोण आहे, या विचारापाशी येऊन ती रोज थांबे आणि मग भाकरी थापायला बसे.

महूच्या पुढे गाडीला बोगदे लागले. समोरच्या बाकावरची बाई कुमूकडे एकटक बघत होती. चारुलतेनं वारा लागेल म्हणून कुमूच्या तोंडावर पदर ओढला. प्रतापरावांनी तो बाजूला केला आणि लेकीला खिडकीशी धरलं. चारुलता खाली बघत बसली.

चोरलला उतरून बैलगाडीनं ते बंगल्यावर पोचले. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं दगडांची चूल, खाली नदी. चौफेर साग. माणसाचा आवाज म्हणून नाही. चारुलतेला वाटलं, लपवायला जागा तर छान शोधली यांनी. लाकडं ओली होती. फुंकून फुंकून तिचे डोळे भरून आले, आणि धुराचं निमित्त होतं म्हणून तिनं ते वाहू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापराव कुमूला घेऊन नदीवर गेले. मोळ्या घेऊन चाललेल्या बाया उताराशी थांबल्या होत्या. हिचं नाव कुमुदिनी, पाच पूर्ण झाली, असं ते त्यांना मोठ्यानं सांगताना चारुलतेनं चुलीपाशी बसून ऐकलं. इथं कोण बसलंय ओळखीचं, ती मनात म्हणाली. इथं सांगायला काय जातं.

तेवढ्यात चौकीदार रजिस्टर घेऊन आला. म्हातारा, खाकी कोट घातलेला, पायांत काही नाही. काल अंधार पडायला आला होता म्हणून राहून गेलं, म्हणाला. साहेब नसतील तर बाईसाबांनीच भरावं, रेंजर तपासायला येतात. त्यानं दौत ओट्यावर ठेवली आणि टाक पुढं केला. भाताला कढ येत होता. चारुलतेनं हात पदराला पुसले. नाव, हुद्दा, कुठून आलात, किती जण, मुक्काम किती दिवसांचा. तिनं भराभर रकाने भरले, रजिस्टर त्याच्या हाती दिलं आणि झाकण उचलायला वळली.

म्हातारा ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होता. मागच्या पायरीवर तो थांबला.

“बाईसाब, इसमें तो दो ही लिखे हैं. बिटिया को नहीं चढ़ाना?”

खालून प्रतापराव चढ चढून येत होते. एका तळव्यात त्यांनी कुमूची मान सांभाळली होती, आणि चालता चालता ते तिला वाटेवरच्या झाडांची नावं सांगत होते. चारुलतेनं तोंड उघडलं. साहेबांची सवयच आहे तशी, असं ती म्हणणार होती. ते वाक्य गेली कितीतरी वर्षं तिच्या जिभेवर तयार होतं.

पण शाई अजून ओली होती, आणि अक्षर तिचं होतं.