ओळखीचा टूं

भाईंदरच्या दवाखान्यात कान तपासणाऱ्या संघप्रियानं स्वरूपच्या कानांवर हेडफोन चढवले. "बारीकसा टूं आवाज येईल. आला की बटण दाबा."

त्यानं लगेच दाबलं.

"थांबा हो, मी अजून सुरूच नाही केलं."

पण टूं येतच होता. स्वरूपच्या चांगलाच ओळखीचा. राई गावात हळदीला डीजे लावण्याआधी तो स्पीकर याच आवाजावर तपासायचा. गेल्या हळदीला शेजारच्या सत्यवतीकाकीनं हात जोडले होते, "बाला, कमी कर रं, छातीत धडधडतंय." त्यानं मुद्दाम स्पीकर तिच्या खिडकीकडे फिरवले आणि हसत विचारलं, "अजून वाढवू?" काकी सकाळी उठलीच नाही.

त्यानं हेडफोन काढून फेकले, तरी टूं तसाच. मग टूं एकदम थांबला आणि कानाच्या अगदी आत काकी हसली.

"बाला, अजून वाढवू?"