लसणाचा वाफा

‘लेकीच्या घरी बाई, पाणी पिऊन निघावं
उन्हं कलायच्या आत, आपलं गाव गाठावं…’

आजीचा आवाज. नेत्राला तो आज उगीचच ऐकू आला. आजी यायची, चहा घ्यायची, ही ओवी गुणगुणत चपला घालायची. लेकीकडे एकदाही मुक्कामाला राहिली नाही.

आणि आई, संध्याताई, तर सहा महिन्यांसाठी आली होती. थेट मिनेसोटात.

टेबलावर आलेखाचा कागद पसरला होता. खिडकीबाहेर नव्या घराभोवती नुसता चिखल. थंडीच्या आत पुढे लॉन हवं, असं वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलेलं. मागचा तुकडा भाजीला. खिडकीत जपलेली दुधी-दोडक्याची रोपं संध्याताईंनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून बाहेर लावली होती. दोनच दिवसांत हिमाने ती काळी पडली.

“इथली माती आपलं पंचांग वाचत नाही, आई.”

“मग शिकव की तिला. तुला नाही का शिकवलं मी?”

आता दोघी नव्याने आखत होत्या. दुधी जूनमध्ये. त्याआधी मेथी, मुळा, पालक. लॉनचं बी ऑगस्टच्या मध्यात. सप्टेंबर सरला की सगळं संपलं. नेत्रा चौकटीत तारखा लिहीत गेली.

“पाच ऑक्टोबरचंच ना गं तिकीट? बदललं नाहीस ना?”

रोज हाच प्रश्न. नेत्राचा नवरा निमिष सोमवार ते गुरुवार क्लायंटकडे, दुसऱ्या गावी. मागचा अख्खा हिवाळा तिने फ्रिजची घरघर ऐकत काढला होता. आई आली आणि घरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, कुणीतरी ‘जेवलीस का’ म्हणू लागलं. राहा म्हणावंसं फार वाटे. पण बाबा गेल्यावरही आई साताऱ्याचं घर सोडून हलली नव्हती. इथे ती दिवस मोजतेय, हे दिसतच होतं. जिचा जीव तिकडे, तिला कसं अडवायचं?

“तेच आहे. कन्फर्म आहे. काळजी करू नकोस.”

संध्याताईंनी पेन्सिल घेतली. कुंपणालगत एक लांब वाफा काढला आणि सावकाश अक्षरांत लिहिलं, लसूण.

“हा केव्हा लावायचा?”

“ऑक्टोबरच्या मध्यात. तुझ्याच बागकामाच्या पुस्तकात आहे. बर्फाखाली निजून राहतो म्हणे. जुलैत काढायचा.”

“अगं, पाचला तर तू निघतेस! मला कुठे जमतंय यार हे सगळं? लावणार कोण, काढणार कोण?”

संध्याताईंनी खोडरबर उचललं. वाफ्यावर टेकवलं. खोडलं मात्र नाही. बाहेर वाऱ्याने चिखलातलं पाणी थरथरत होतं.

“निमिषरावांना एक विचारशील?” मान वर न करता त्या म्हणाल्या. “त्यांची हरकत नसेल तर… मला परत नाही जायचं गं.”